मामांचे दानांगचे पाहुणे

जिथे आपला एकही पाहुणा नाही असे गाव देवाने केलेलेच नाही, अशी आमच्या मामांची ठाम समजूत आहे. आपल्या अंथुर्णे गावाहून ते बाहेर पडतात ते गाव बघायला नव्हे, माणसे बघायला. नरसिंहपूरला गेले तरी देवाच्या आधी मामीच्या चुलतबहिणीकडे चहा होतो. लॉजवर उतरणे त्यांना अपमानाचे वाटते. अगदीच ओळख नसली तर एसटी स्टँडवरच्या पानवाल्याला आडनाव, गाव, आजोळ विचारत विचारत ते तासाभरात मामीच्या माहेरचा करून सोडतात.

अशा माणसाला मी व्हिएतनामला नेले. इंदापुरात माझे खताचे दुकान आहे. कंपनीने डीलरांची सहल दानांगला काढली आणि मी मामा-मामींना बरोबर घेतले. विमानतळाबाहेर येताच मामा म्हणाले, "आता कुणाकडं जायचं?"

"हॉटेलवर, मामा."

"म्हंजी हितं आपलं कुणीच न्हाय?" त्यांचा चेहरा जो पडला तो पडलाच.

डोंगरावर दोन अवाढव्य, दगडी दिसणाऱ्या हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल आहे. सगळे डीलर फोटो काढण्यात दंग, आणि मामा म्हणतात, "हात हायती, पर 'या' म्हणत न्हायती." नदीवरच्या पुलावरल्या लोखंडी ड्रॅगनने तोंडातून जाळ काढला, तेव्हा मामा पाठ फिरवून गर्दीत ओळखीचा चेहरा शोधत होते. टोपलीसारख्या गोल होडीत त्यांनी नावाड्याला आडनाव विचारले. त्याला वाटले, पाहुण्यांना गिरक्या हव्यात. त्याने होडी अशी गरगरवली की मामीने डोळे मिटून मामांचा सदराच धरला. हे सगळे ठीक, पण मामांचे जेवण सुटले. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुणी 'आलासा का' म्हणल्याबिगर ह्यास्नी घास उतरत न्हाय रं." आता मात्र मी घाबरलो.

तिसऱ्या दिवशी समुद्राकडे निघालो, तर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचा गाडा! मामा जवळजवळ धावलेच. कांडे उचलून त्याचा कोंब फुटायचा डोळा निरखला, मोबाइलवर स्वतःच्या उसाचा फोटो दाखवला. रसवाल्या बाईने फोटो मोठा करून पाहिला, नवऱ्याला हाक मारली आणि मामांपुढे प्लास्टिकचे स्टूल सरकवले. मग तासभर मामा मराठीत आणि ती तिच्या भाषेत बोलत बसले.

"काय म्हणते?" मी विचारले.

"लेक लग्नाची हाय म्हणती. बघू म्हणलं."

त्या दिवशी मामा पोटभर जेवले. संगमरवरी डोंगरातल्या गुहा मी एकट्यानेच पाहिल्या. हे दोघे रोज गाड्यावर. निघताना बाईने मामीला ओंजळभर इवलीशी लिंबे दिली. मामीने आपोआप पदर पसरला, ओटी घेतात तसा. मामा समुद्राकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसत होते.

परवा सकाळीच मामांचा फोन आला. "टीव्हीवर दानांग दाखवत्यात. वादळ झालंय, समुद्र रस्त्यावर आलाय. फोन लाव."

"कुणाला लावू, मामा? नाव काय त्यांचं?"

पानवाल्याचे आजोळसुद्धा न सोडणारा माणूस म्हणाला, "नाव इचारायचं राहूनच गेलं रं. गरजच पडली न्हाय."

संध्याकाळी मी अंथुर्ण्याला गेलो. मामा टीव्हीसमोर बसले होते आणि ताट तसेच झाकून ठेवलेले होते.