नानांचा विषयाबाहेरचा प्रश्न

नाना मुकादम बांध मोजायला गेले की आधी बांधाकडे पाठ फिरवून ओढ्याने खाली चालू लागत. मजूर ताटकळत बसायचे. अर्ध्या तासाने नाना वर यायचे, मग टेप सोडायचे. "पानी म्होरं कुटं जातं ते बघितल्याबिगर मोजाया बसू न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. पारनेर तालुक्यात पाणलोटाच्या कामांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझी नगरच्या सरकारी कचेरीत कागद काळे करण्यात.

आमची गाठ पडली ती जनसुनावणीत. नानांच्या शिवारातून तेलाची पाइपलाइन जाणार होती. अशा सुनावण्या तेव्हा नव्याच होत्या. मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. लिहून घेणारा मी. पाइपलाइनमुळे काय काय बिघडेल याचा अहवाल जाडजूड होता: खोदाईची धूळ, तुटणारी झाडं, पंपघरातल्या जनरेटरचा धूर, सगळं होतं त्यात. लोकांनी पिकांच्या नुकसानीचं विचारलं, सुनावणी घेणाऱ्या आमच्या साहेबांनी उत्तरं दिली, सगळ्यांना एसटी गाठायची घाई झाली. तेवढ्यात नाना उठले, सगळ्यांना जयभीम घातला.

"साहेब, जनरेटरचा धूर मोजला, लई बरं केलं. पर पायपातलं तेल म्होरं जळनारच न्हवं? रेडिओवर सांगत्यात, त्या धुरानं समदी धरती तापाया लागलीया. त्यो धूर कुटं मोजलाय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "नाना, पाइप झाला नाही तर हेच तेल टँकरने जाईल. टँकरचा धूर वर आणखी. पाइपने उलट धूर कमीच होईल."

"टँकर उद्याच्याला थांबवता येतोय. पायप येकदा पुरला की पोरं म्हातारी होईस्तोवर भरत ऱ्हावा लागनार. पायप नगंच, असं न्हाई म्हनत मी. आदी मोजा, मंग ठरवा."

कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन. उकाड्याने जीव नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझा कच्चा मसुदा चाळला. "हा प्रश्न विषयाबाहेरचा वाटतो. बघा काय ते," एवढंच म्हणाले. काढा, असं काही ते म्हणाले नाहीत. मीच काढला. त्या जागी लिहिलं, 'उपस्थितांनी काही अवांतर मुद्दे मांडले.' नोकरीत असली वाक्यं आपोआप सुचतात.

मंजुरी आल्यावर नाना इतिवृत्ताची प्रत मागायला कचेरीत आले. ओळीओळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अवांतर म्हंजी काय वो, भाऊसाहेब?"

"विषयाला सोडून असलेलं."

"मंग इषय कोनचा हुता?"

मी टेबलावरच्या फायली सारख्या करत बसलो. मग म्हणालो, "वरून काढायला लावलं, नाना." हे खोटं होतं आणि बोलताना जीभही अडखळली नाही. याची लाज मला आजही वाटते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि विचारलं, "तुमी तरी ऐकलं हुतं न्हवं, मी काय इचारलं ते?"

"हो. सगळं ऐकलं होतं."

"मंग झालं. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

पुढे नाना गेल्याचं कळलं, तेही उशिरा. पाइप त्यांच्या शिवाराखालून कधीचाच वाहतो आहे. मी निवृत्त झालो, आणि इतक्या वर्षांत नानांचा प्रश्न एकाही माणसाला सांगितला नाही.