परत एकदा सांगा ना

“आपली केतकी ढ निघाली हो,” काकू रडत रडत काकांना बोलल्या, अन् माझ्या हातातली कपबशी गेली खाली. फुटली. मी तुकडे वेचत बसले — वर बघायची हिंमतच नाय. कारण केतकीताई ढ नव्हती. त्या बंगल्यात हे फक्त मला माहीत होतं, अन् का ते पण माहीत होतं. आजपर्यंत कोणाला बोलले नाय. नवऱ्याला नाय. माझ्या सख्ख्या बहिणीला पण अर्धंच माहीत आहे. तुम्हाला सांगते.

नाशकात कॉलेज रोडच्या त्या बंगल्यात, काका-काकूंकडं, मी स्वयंपाकाला होते. सातवीत शाळा सुटलेली, कडेवर माझी चिमी, तिला दात येत होते — सारखी किरकिर. म्हणून माझी धाकटी बहीण सुनी यायची तिला सांभाळायला. सुनी बारावी सायन्सला. काकूंची केतकीताई पण बारावीलाच. पण ताईला शिकवायला सर घरी यायचे, अन् सुनीला? आमचे दादा, म्हणजे वडील, मखमलाबादला फुलं लावतात, पंचवटीत नेऊन विकतात — ते क्लास कुठून लावणार? अन् क्लास नाय तर इंजिनिअरिंगची सीट नाय, असंच तेव्हा सगळे बोलायचे. सीट नाय तर सुनीला स्थळ बघायचं, हे पण ठरलेलं. माझं झालं तसं.

मग सुनी दाराआड बसायची. काकूंना वाटायचं, पोर खेळवते. मांडीत चिमी, कान सरांकडं. पण सर बोलायचे लय फास्ट! सुनी हळूच म्हणायची, “अक्का, निसटलं गं.” की मी निघाले चहा घेऊन.

“सर, ताईला नाय समजलं वाटतं. परत एकदा सांगा ना.”

ताई लाजाळू, मान खाली. सर परत सांगायचे. दाराआड सुनी खूश, मी खूश, चिमी तर टाळ्या वाजवायची! काय सांगू, लय मजेचे दिवस होते ते. कधी चहा, कधी पाणी, कधी शेंगदाण्याचा लाडू. सर एकदा हसून बोलले, “अहो बाई, तुमचा लाडू दिसला की मला कळतं — चला, आता पहिल्यापासून!”

आम्ही सगळे हसलो. केतकीताई नाय हसली.

आता सांगते ते — सांगतेच. एक दिवस ताई स्वयंपाकघरात आली. सुनी चिमीला घेऊन अंगणात होती. ताई हळू आवाजात बोलली, “अक्का, मला तर पहिल्यांदाच कळलेलं असतं. मग तू परत का सांगायला लावतेस?”

तेव्हा बोलायचं ना मी? एवढी चांगली पोरगी — तिनं सुनीला हात धरून शेजारी बसवलं असतं. पण मी घाबरले. काम गेलं तर? सुनीचं वर्ष गेलं तर? तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तिच्या डोळ्यात बघून बोलले, “तुला वाटतं कळलं, ताई. तोंडावर दिसतं ना, नाय कळलं ते.”

तिनं मान हलवली. पटलं तिला! सातवीत शाळा सुटलेल्या बाईचं पटलं.

मग ती स्वतःच “नाही कळलं” म्हणायला लागली. सर काकूंना बोलले, पोरगी कच्ची आहे. काकांनी घाबरून निकालाच्या आधीच डोनेशनची सीट धरून ठेवली. त्याच दिवशी ती कपबशी फुटली.

अन् निकाल? अहो, दोघी झळकल्या! सुनीला सरकारी कॉलेजात सीट! दादांनी बाजारात न्यायला काढलेला झेंडू पाटीसकट तिच्या डोक्यावर ओतला, आई नाचली, अंगण नुसतं पिवळं. केतकीताईला तर सुनीहून जास्त मार्क — सगळं दोनदा ऐकलेलं ना! डोनेशन लागलंच नसतं. काका पेढा खात खात हसले, “जाऊ दे गेले पैसे, पोरगी हुशार निघाली!” त्यांचं हसण्यावारी गेलं. आमची सुनी हुकली असती तर कोण हसणार होतं?

ताई मला पेढा देताना म्हणाली, “पेपरच सोपे होते, अक्का.”

आता ती पुण्यात इंजिनिअर आहे. नाशकात आली की माझ्याकडं येतेच, येताना चिमीला फ्रॉक आणते. परवा आली तेव्हा चिमी तिला पत्त्यांचा डाव शिकवत होती. सोपा डाव, पोरासोरांचा. मी चहा घेऊन दारात आले. ताई मान खाली घालून चिमीला म्हणत होती, “परत एकदा सांग ना. मला पटकन कळत नाही गं.”