पंधराव्या फेरीतला जॅक

नागपूरच्या सदरमधल्या एका गॅरेजात मी सात वर्षं स्टोअरकीपर होतो. म्हणजे नटबोल्ट, बेअरिंग आणि पंख्याचे पट्टे यांच्या फळ्यांमध्ये एका स्टुलावर बसायचं आणि कोणी काय नेलं ते वहीत लिहायचं. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे काम कमीपणाचं वाटू नये म्हणून शेठ मला मॅनेजर म्हणत आणि पगार स्टोअरकीपरचा देत. मला त्यातलं पहिलंच ऐकू येई.

मोटारशर्यतीचं माझं सगळं ज्ञान रद्दीतून आलेलं. पार्ट गुंडाळायला आणलेल्या गठ्ठ्यात एक विलायती मासिक निघालं. शर्यतीच्या मधेच गाडी कधी थांबवायची, चाक कसं बदलायचं, कोणी कुठे उभं राहायचं, याच्यावर त्यात मोठा लेख होता. शब्दकोश घेऊन मी तो तीनदा वाचला. त्याची शेवटची चार पानं मात्र कोणीतरी आधीच गिऱ्हाइकांना बेअरिंग गुंडाळून दिली होती, आणि तो कोणीतरी मीच होतो. त्यामुळे त्या शर्यतीत शेवटी जिंकलं कोण, हे मला आजतागायत माहीत नाही. पण अर्ध्या लेखावर माणूस तज्ज्ञ होऊ शकतो. नागपुरात तर त्याहून कमीवर होतो.

सत्तर-बहात्तरचा सुमार असेल. शहरातल्या मोटारवाल्या मंडळींच्या मनात आलं की आपणही शर्यत भरवावी. कामठी रोडला एका पडीक मैदानावर चुन्याने वाट आखली. चौदा गाड्यांनी नावं दिली आणि संयोजन समितीवर बावीस जण आले. समितीने नियमांचं चोपडं छापलं. तीस फेऱ्या मारायच्या. दहाव्या ते विसाव्या फेरीत प्रत्येक गाडीने एकदा थांबून एक चाक बदलायचं. आणि गाडीला स्वतःच्या माणसांखेरीज कोणाची मदत चालणार नाही, सामानही स्वतःचंच हवं. हा शेवटचा नियम वाचून मला फार बरं वाटलं. शिस्त म्हणतात ती हीच, असं मी आमच्या मिस्त्रींना समजावून सांगितलं.

"बरं हाये," मिस्त्री म्हणाले आणि कार्बोरेटर पुसत राहिले.

आमचे मिस्त्री साठीला आलेले. गॅरेज उघडलं त्या दिवसापासून तिथे होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्याचंही काही खरं नव्हतं, पण हे फक्त मला ठाऊक होतं. कारण मी पाना देताना त्यांच्या हातात ठेवत असे, पुढे धरत नसे. नट ते बोटांनी ओळखायचे. इंजिनावर तळहात ठेवून कुठला सिलिंडर काम करत नाही ते सांगायचे. शेठला मात्र संशय आलेला होता. त्यांचा एक भाचा नुकताच डिप्लोमा घेऊन मोकळा झाला होता, आणि भाचा मोकळा झाला की मामाला लोकांचे डोळे दिसू लागतात.

"मिस्त्री, गाडी पहिली आली तर गॅरेज तुमचंच आहे समजा," शेठ म्हणाले. "नाही आली तर मग बस झालं. घरी आराम करा."

मिस्त्री हसले. घरी आराम म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायको गेलेली, मुलीचं सासर भिवापूरला, आणि घर म्हणजे एक खोली. त्या दिवसापासून मी शर्यत अंगावर घेतली. खोटं कशाला सांगू, थोडी मिस्त्रींसाठी आणि बरीच माझ्या धोरणासाठी.

मी कोरी वही आणली आणि वर 'धोरण' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुपारी गॅरेज सुस्त असे तेव्हा आमचा सराव चाले. शेठ स्वतः आपली निळी गाडी चालवत यायचे, मी घड्याळ बघायचो, मिस्त्री जॅक लावून चाक उतरवायचे, दुसरं चढवायचे. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी आम्ही चार मिनिटांवर आलो. वहीत मी प्रत्येक हालचाल लिहून ठेवली होती. कुठला नट आधी, जुनं चाक कुठे टाकायचं, शेठला पाणी कोणत्या बाजूने द्यायचं. अठराव्या फेरीत गाडी आत घ्यायची, हेही ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. आमच्या गल्लीत आठ गॅरेजं होती आणि आठांत मिळून एका गॅरेजाइतकी हत्यारं. बेअरिंग ओढून काढायचा पुलर एकाकडे, पकडीचा मोठा वाइस दुसऱ्याकडे, वेल्डिंगचं तिसऱ्याकडे. लागेल त्याने जाऊन मागायचं, असेल त्याने द्यायचं. कशाला हवं, कधी देशील, असं विचारणं फार हलकं समजलं जाई. आणि हे सगळं तोंडी. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता आणि त्याचा मला सात वर्षं त्रास होत होता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊला सुरुवात होती. साडेदहापर्यंत पाहुण्यांची भाषणं चालली. एका पाहुण्याने वेगाचं महत्त्व पाऊण तास सांगितलं. मग निशाण पडलं आणि चौदांतल्या तीन गाड्या जागच्या हलल्याच नाहीत. बाकीच्या धुळीत शिरल्या. लाउडस्पीकरवाल्याला काही दिसत नव्हतं, पण त्याने धावतं वर्णन थांबवलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचं वर्णन तो इतक्या आत्मविश्वासाने करत होता की मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

दहाव्या फेरीला सहा गाड्या उरल्या. पुढे आमची निळी, तिच्या मागे आमच्याच गल्लीतल्या समोरच्या गॅरेजची पांढरी. बऱ्याच मागे एक काळी, भिवापूरच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची. हे गृहस्थ मित्राच्या आग्रहाला बळी पडून आले होते. शेजारी पत्नीला बसवून, डिकीतलं मिरचीचं पोतं न उतरवता ते निवांत फेऱ्या मारत होते. वळण आलं की हातही दाखवत. गाडी थांबवायच्या जागा आखून दिलेल्या होत्या, आणि पांढऱ्या गाडीची जागा आमच्या अगदी बाजूला होती.

पंधराव्या फेरीत पांढरी आत आली. त्यांच्या मिस्त्रीने जॅक लावला, गाडी वीतभर उचलली आणि जॅकचं तेल गळायला लागलं. गाडी हळूहळू खाली बसली. तो मिस्त्री उठला आणि आमच्याकडे आला. धावतसुद्धा नाही, रोज येतो तसा.

"जॅक दे ना गा," तो म्हणाला.

आमच्या मिस्त्रींनी जॅक उचलून दिला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "मिस्त्री, अहो ती पांढरी गाडी आहे. तिलाच तर हरवायचं आहे."

"त्यानं मांगला ना बाबू," मिस्त्री म्हणाले. "आपल्याले अजून तीन फेऱ्या हायेत. तवरी देते आनून."

हिशेब बरोबर होता. फक्त शेठच्या मागच्या चाकाला तो माहीत नव्हता. सोळाव्याच फेरीत निळी गाडी रिमवर लंगडत आत आली. टायर पंक्चर. पांढरी गाडी अजून आमच्या जॅकवर उभी होती, कारण तिचा एक नट अडून बसला होता. शेठने खिडकीतून डोकं काढून जॅक कुठे आहे ते विचारलं. मी बोट दाखवलं. त्यानंतर शेठ जे बोलले ते लाउडस्पीकरवर गेलं नाही एवढंच बरं झालं.

मिस्त्रींनी एकदा कुंपणाच्या दोरीकडे तोंड केलं. पलीकडे कामठीचे यंत्रमागवाले सुटीचा दिवस म्हणून आले होते. "बापू हो," मिस्त्री म्हणाले, "जरा हात लावसान का?"

आठ-दहा जण दोरीखालून आत आले आणि त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलून धरला. खाटलं उचलतात तसा. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि बोटांनी नट काढले. मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट पन्नास सेकंद. विलायती मासिकातसुद्धा इतका कमी वेळ मी वाचला नव्हता. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुळीचं नव्हतं.

निळी पहिली आली, पांढरी दुसरी. मिरचीवाले तिसरे. त्यांनी आपल्या जॅकने, आपल्या हाताने, अकरा मिनिटांत चाक बदललं होतं. पत्नीने नट पदरात धरले होते. वर दोघांनी थर्मासमधला चहाही घेतला होता.

शेठ कप घ्यायला मंडपाकडे निघाले तोच पांढऱ्या गाडीच्या मालकाची तक्रार आली. बाहेरच्या माणसांची मदत, नियमभंग. शेठ म्हणाले, ते मदतनीस नव्हते, प्रेक्षक होते. समितीने यावर विचार केला आणि निळी गाडी बाद केली. मग शेठ उसळले. पांढरीने जॅक आमचा वापरला, तिलाही बाद करा. पांढरीचा मालक म्हणाला, साफ खोटं. समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही मिस्त्रींना बोलावलं. समोरच्या गॅरेजचा मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. खरं बोलला तर त्याची नोकरी जात होती, हे त्या मंडपातल्या पोरालाही कळलं असतं.

अध्यक्षांनी आमच्या मिस्त्रींना विचारलं, "यांच्या गाडीखाली होता तो जॅक तुमचा का?"

शेठ त्यांच्याकडे रोखून बघत होते.

"सांगता नाही येत साहेब," मिस्त्री म्हणाले. "मले आता डोळ्यानं दिसत नाही."

सात वर्षं मी जे लपवलं होतं ते त्यांनी बावीस जणांसमोर, शेठच्या तोंडावर सांगून टाकलं. कशासाठी सांगितलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. समोरच्या मिस्त्रीला ते कळलं. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला मात्र काय वाटलं? मला वाटलं, पुराव्याअभावी समितीची पंचाईत झाली आहे, आणि पुरावा तर माझ्या काखेत आहे. इतकी नीट वही मी सबंध आयुष्यात लिहिली नव्हती आणि ती अजून कोणी बघितलीच नव्हती. मी पुढे झालो आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पंधरावी फेरी. जॅक शेजारी पांढऱ्या गाडीस दिला. वेळ अकरा वाजून बावीस मिनिटं."

अध्यक्षांनी वही हातात घेऊन माझ्या अक्षराची तारीफ केली.

पांढरी बाद झाली. कप मिरचीवाल्यांना मिळाला. ते पत्नीला घेऊन पोटभर जेवले आणि कप पोत्यावर ठेवून गावी गेले. सोमवारी शेठने मिस्त्रींना बोलावलं. बोलायला फारसं काही उरलं नव्हतं, डोळ्याचं तर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मंगळवारी भाचा आला. समोरच्या मिस्त्रीलाही त्याच्या मालकाने काढून टाकलं. पण तो खमक्या होता. गल्लीच्या टोकाला टिनाचं शेड टाकून त्याने स्वतःचं काम सुरू केलं.

महिनाभराने भाच्याला पुलर हवा झाला. मी निघालो. पहिल्या गॅरेजात म्हणाले, आत्ताच दिला. दुसऱ्यात म्हणाले, आत्ताच दिला. सातही ठिकाणी माझ्याशी फार आदराने बोलले. एकाने तर बसायला स्टूल दिलं. सात वर्षांत मला पहिल्यांदा मॅनेजरसारखं वागवलं जात होतं, आणि पुलर मात्र कोणी देत नव्हतं.

शेवटी टोकाच्या शेडमध्ये गेलो. आत आमचे मिस्त्री एका इंजिनावर तळहात ठेवून उभे होते. माझी चाहूल त्यांनी ओळखली. काही न विचारता त्यांनी भिंत चाचपली, पुलर काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी त्यांच्या हातात ठेवत असे तसा.

सवयीने माझा हात खिशातल्या वहीकडे गेला. कागदाची सळसळ त्यांनी ऐकली असावी.

"लिवू नको बाबू," ते म्हणाले. "संध्याकाळी आनून दे."

मी चार वाजताच परत नेऊन दिला.