बुजवलेली खांड

हैबतराव जमादारांनी आरोपीवर हात उचलल्याचं मुळशी पेट्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्यावरून खात्यातलेच लोक त्यांची टिंगल करत. पण इंग्रजांच्या अमदानीत भरती झालेल्या या माणसानं किती दरोडे आणि किती खून उघडकीला आणले, ते तेच लोक चहा पिताना सांगत. त्यांची रीत साधी होती. गुन्ह्याच्या जागी जायचं आणि एका बाजूला बसून राहायचं. माणूस जिभेनं खोटं बोलतो, हाताला मात्र सवयीबाहेर जाता येत नाही, असं ते म्हणत.

त्या वर्षी भादव्यात मुळा नदीकाठच्या एका गावात भिवाजी नावाचा शेतकरी आपल्याच खाचरात मेलेला सापडला. डोकं फुटलं होतं. जवळच्या गवतात सावळ्या कातकऱ्याचा कोयता पडलेला. आदल्या दिवशी सावळ्यानं तिथं गवत कापलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण कातकरी आणि कोयता एवढं मिळाल्यावर नव्या फौजदाराला आणखी काही नको होतं. दोन दिवस मार खाल्ल्यावर सावळ्या "व्हय, म्याच" म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या बापाला मारल्याचंही कबूल केलं असतं. कागद रंगले. गडी फासावर जाणार हे लोक धरून चालले. त्याची बायको सखू ठाण्याबाहेरच्या चिंचेखाली बसून होती.

हैबतरावांना धाडलं ते नुसता शेवटचा हात फिरवायला. ते खाचराच्या बांधावर जाऊन बसले. भात निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं होतं, पावसानं ओढ दिली होती आणि खाचरात पाणी घोट्याएवढं उभं होतं. बांधाला एके जागी नव्या चिखलाचं लिंपण दिसत होतं. झटापटीत बांध फुटून खांड पडली असावी. पण मग ती बुजवली कुणी?

त्यांनी पाटलाला विचारलं. प्रेत दिसल्यापासून कुणाला आत सोडलं नाही, असं तो म्हणाला. आदल्या दिवशी बांध धड होता, हेही त्यानंच सांगितलं. हैबतरावांनी खाली उतरून ते लिंपण हातानं उकरलं. चिखलाच्या तळाशी वहाण निघाली; भिवाजीची, पाटलानं ओळखली. म्हणजे भिवाजी पडला, त्याच्यानंतर ही खांड बुजली.

सावळ्याला त्या भाताचा एक दाणा मिळणार नव्हता. तो कशाला चिखल थापत थांबेल? तो पळाला असता. हैबतरावांना आपला बाप आठवला. मुळशीच्या धरणाचं पाणी शिवारात शिरलं होतं, उद्या सगळं बुडणार होतं, तरी तो फुटलेला बांध लिंपत होता. शेतकऱ्याला वाहतं पाणी बघवत नाही. ज्याला ते भात आपलं वाटत होतं, तोच थांबला होता.

भिवाजीला ना बायको, ना पोर. सख्खा भाऊ एकच, बहिरू. वाटणीत त्याच्याकडं डोंगरउताराचं वरकस, नाचणी-वरीचं हलकं रान गेलं होतं आणि हे पाण्याचं खाचर भिवाजीकडं.

बहिरू सुतकात ओट्यावर बसला होता. हैबतराव त्याच्या शेजारी टेकले. 

"खांड तू बुजवलीस, बहिरू?"

 बहिरू म्हणाला, "भात निसवत व्हतं, जमादार. पानी समदं चाललं व्हतं."

"आन् भाऊ?"

"माज्या हातनं तितंच पडला व्हता."

"जीव व्हता त्याच्यात?"

"व्हता." बहिरू आपल्या हातांकडं बघत होता. "म्या आदी खांड बुजवली."

हैबतराव उठले. बहिरूला घेऊन जाताना त्यांनी बेडी घातली नाही. 

सावळ्या सुटला. त्याच्या उजव्या हाताची बोटं वाकत नव्हती. सखूनं त्याचा दंड आपल्या खांद्यावर घेतला. ती पाया पडेल असं हैबतरावांना वाटलं होतं, खोटं कशाला सांगायचं. तिनं फक्त विचारलं,

"तुमी अजून किती दिस हाय हितं?"

"दिवाळीपर्यंत. मग पेन्शन."

सखूनं नवऱ्याकडं पाहिलं.

"मंग दिवाळीच्या आत आपुन डोंगरापल्याड जाऊ," ती म्हणाली आणि त्याला सावरत चालू लागली.

थांबा म्हणावं, असं हैबतरावांच्या मनात आलं. पण कुणाच्या भरवशावर थांबा म्हणायचं?