गवती चहासुद्धा नको

माझ्या बायकोने, सरोजने, चहा सोडला तेव्हा भवानीपुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत चांगलीच खळबळ उडाली. शेजारच्या यामिनी वहिनींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, घरात सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "पित्त झालंय तिला." त्यांना ते पटलं नाही. कुणालाच पटलं नाही, कारण सरोजला सगळे ओळखून होते.

सरोज जन्माने कलकत्त्याची. तिचे आजोबा कापडाच्या पेढीवर नोकरीला म्हणून साताऱ्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. तिने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बंगाली ती बंगाल्यांसारखी बोलते, भांडते मात्र मराठीत, कारण भांडायला घरात मी आहे. आणि चहा! सकाळी डोळे उघडले की चहा, अंघोळ झाली की चहा, शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी चहाचं भांडं गॅसवर. एस्प्लनेडला साडी घ्यायला गेलो की आधी मातीच्या कुल्हडातला चहा, मग साडी, आणि साडी मनासारखी मिळाली म्हणून पुन्हा चहा. नाही मिळाली तर त्या दुःखात चहा. "चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा हवाच," हे वाक्य ती असं ऐकवायची की जणू स्वतःच शोधून काढलंय. चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, उकळून उकळून लाल केलेला. दुसऱ्या कशाला ती चहा म्हणायची नाही.

अशा बाईने चहा सोडला, त्याला कारण आमची एकुलती एक मुलगी मानसी.

मानसी सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये कंप्युटरच्या कंपनीत होती. तिथेच तिला प्रवेश राई भेटला. मुलगा दार्जिलिंगकडचा, कर्सियांगच्या वरच्या बाजूचा, शांत, हसरा. लग्नाला आमची ना नव्हती. पण लग्नानंतर वर्षभरात दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि प्रवेशच्या वडिलोपार्जित डोंगरउतारावर चहाची रोपं लावायला निघाली. तेही खत नाही, औषध नाही, सगळं सेंद्रिय. मी खिदिरपूरला गोदीवर कस्टममध्ये नोकरी केलेला माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपलं "बघा बुवा" म्हणून मोकळा झालो. सरोज मात्र कडाडली, "इंजिनियर केलं ते काय पानं खुडायला?" मानसीही आईचीच लेक. ती म्हणाली, "हो, पानं खुडायला," आणि गेली.

त्याच आठवड्यात सरोजने चहा बंद केला.

मी आठ-दहा दिवस पाहिलं आणि मग सरळ सांगितलं, "एक तर खरं कारण सांग, नाही तर डॉक्टरकडे चल." तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. देवघरातल्या गणपतीपुढे ती नवस बोलली होती. मानसीच्या मळ्यातला पहिला चहा तयार होईपर्यंत चहाचा थेंब तोंडात घालणार नाही.

"अगं, पण तू तर रागावली होतीस तिच्यावर!"

"रागावले आहेच. म्हणून काय तिचं वाईट व्हावं असं वाटतं का मला? आणि हे कुणाला बोलायचं नाही. नवस फोडला की फळत नाही."

"मला सांगितलंस ते?"

"तुम्ही घरातले. घरातल्याला सांगितलेलं मोजत नाहीत."

"मग मानसीला सांगू. तीही घरातलीच."

"ती नवसातली! तिला तर मुळीच नाही." असा तिचा कायदा. कस्टमच्या कायद्यात पळवाटा असतात, हिच्यात नाहीत.

तेव्हापासून चार वर्षं मी जो चहा प्यायलो तो शत्रूला मिळू नये. करायची तीच, पण चाखायची नाही. कधी आलं एवढं की घसा सोलून निघावा, कधी साखरच नाही. तक्रार केली की म्हणायची, "तुम्हीही सोडा मग." मी मुकाट्याने गिळायचो.

हे मी हसत सांगतोय, पण त्यातलं एक दुखणं हसण्यासारखं नव्हतं. यामिनी वहिनींकडून मानसीला कळलं की आईने चहा सोडला. पोरीने त्याचा अर्थ काढला तो असा: मी चहाचा मळा केला म्हणून आईने चहावरच बहिष्कार टाकला. एकदा फोनवर रडत मला म्हणाली, "बाबा, इतका राग? माझ्या कामाचं नावसुद्धा जिभेला नको तिला?" माझ्या ओठावर आलं होतं. पण समोर सरोज बसलेली, डोळे वटारून. मी म्हटलं, "पित्त गं तिला," आणि फोन ठेवला. मग मायलेकी बोलायच्या त्या फक्त हवापाण्याचं. मळ्याचं मानसी काही सांगायची नाही आणि ही विचारायची नाही. देवाच्या फोटोपुढे मात्र रोज माझ्या देखत पुटपुटायची, "पोरीच्या झाडांना जगव रे बाबा."

यंदा चैत्रात मानसीचा फोन आला. "बाबा, या ना एकदा. आईलाही आणा, ती येणार असेल तर." सरोजने बॅग आधीच खाली काढली होती.

न्यू जलपायगुडीला प्रवेश गाडी घेऊन आला होता. वळणं घेत घेत वर पोचलो. मळा म्हणजे काय, एखाद्या शाळेच्या मैदानाएवढाही नाही. उतारावर कंबरेइतकी झुडपं, मधून मधून सावलीची झाडं, कडेला गाईचा गोठा. किडे मात्र मजेत! औषध मारायचं नाही म्हटल्यावर त्यांना कोण हात लावणार? मी तसं म्हणालो तर प्रवेश हसून हिंदीत म्हणाला, "बाबा, थोडं ते खातात, थोडं आम्हाला ठेवतात." सरोज झुडपांमधून चालत गेली. एका रोपाजवळ वाकून तिने पानाला हात लावला, लगेच काढून घेतला आणि मला हळूच म्हणाली, "जगली हो सगळी." तिचा आवाज ओला झाला होता. मानसी लांब उभी होती, तिला हे ऐकू गेलं नाही.

घराच्या पडवीत बसलो. मानसीने ट्रे आणला. पांढऱ्या कपांत फिकट सोनेरी चहा, दूध नाही, काही नाही. कुठला ते ती बोलली नाही; आम्हाला वाटलं, बाजारातलाच. एक कप माझ्यापुढे, एक आईपुढे. मी एक घोट घेतला. "बरा आहे," मी म्हटलं, "जरा पांचट आहे इतकंच." मानसीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आईच्या कपाकडे पाहत होती.

सरोजने कप पुढे सरकवला. "नको गं. पित्त होतं."

मानसीचा चेहरा पडला. प्रवेशच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, ते पाहिलं. बाई समंजस. त्या उठल्या, गोठ्याच्या कडेचं लांब पातीचं गवत तोडून आणलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि मध घालून पेला सरोजच्या हातात दिला. "इसमें चायपत्ती नहीं है, बहनजी. सिर्फ़ घास है. पित्त के लिए अच्छा." काय सुवास सुटला होता! सरोजने पेला नाकापाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

तिने पेला खाली ठेवला. "ये भी नहीं चलेगा मुझे," ती म्हणाली.

झालं! मानसी ताडकन उठली. "आई, हे गवत आहे! गवताचं पाणी! माझ्या सासूबाईंनी स्वतः तोडून आणलं, तेही नको? इतकी चीड आली आहे तुला आमची?"

"चीड काय येतेय," सरोज गोंधळून म्हणाली. "गवती चहा आहे तो."

"मग?"

"मग काय? गवती असला तरी चहाच ना!"

विहीणबाई आणि प्रवेश एकमेकांकडे पाहायला लागले. त्यांच्या बोलीत त्या गवताच्या नावात चहा नाही, आणि ही बाई गवताला का घाबरते ते त्यांना कसं कळावं? मानसीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आता मात्र माझा तोल सुटला. नवस फुटो नाहीतर राहो, माझी पोर माझ्यासमोर रडत होती.

"अगं, नवस आहे तिचा!" मी ओरडलो. "तुझ्या मळ्यातला पहिला चहा होईपर्यंत चहा पिणार नाही म्हणून गणपतीपुढे बोललीय ती! तुझ्यावर रुसून नाही, तुझ्यासाठी सोडलाय! आणि तिचं डोकं असं की नावात चहा आहे म्हणून गवतसुद्धा सोडलंय!"

"फोडलात!" सरोज माझ्यावर धावलीच. "एवढं जपलं, आणि तुम्ही शेवटी फोडलात! आता झाडांना काही झालं तर?"

मानसी जागच्या जागी उभी होती. मग हळूच म्हणाली, "पहिला चहा होईपर्यंत?"

"हो."

"आई, पहिला चहा गेल्या वर्षीच झाला."

सरोजने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"मूठभरच झाला होता. हाताने वळला, तो वाळवताना करपला. तू नावं ठेवशील म्हणून तुला सांगितलं नाही." तिने माझ्या कपाकडे बोट दाखवलं. "आणि बाबा जो पांचट म्हणून पिताहेत ना, तो यंदाचा. तोही माझाच."

मी कप खाली ठेवला. जमिनीत शिरावंसं वाटत होतं. सरोज खुर्चीत बसली. "म्हणजे वर्षभर मी उगाचच?" ती म्हणाली. "मेले, एका फोनने सांगता येत नव्हतं तुला?"

"आणि तुला सांगता येत नव्हतं?" मानसी तिच्या पायाशी बसली. तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?" सरोजने तिच्या केसांतून हात फिरवला. "बावळट गं बावळट. मला भीती वाटत होती. एवढ्या लांब, त्या रोपट्यांच्या भरवशावर. माझ्याकडे सोडायला दुसरं काय होतं?"

मग तिने हात लांब करून तिच्यापुढचा कप उचलला. तो पार गार झाला होता. मानसी म्हणाली, "थांब, गरम करून आणते," पण ऐकते कोण? सरोजने एक घोट घेतला. मग दुसरा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, विहीणबाईंनी तर नीटसं काही न कळताही हात जोडले होते. तिने कप संपवला आणि पदराने ओठ पुसले.

"कसा आहे?" मानसीने विचारलं.

"मला काय विचारतेस?" सरोज म्हणाली. "चहा कसा लागतो तेच विसरले गं मी. आणखी एक कप दे, मग सांगते."