ओल्या बाटल्या

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. आमची प्लाटून लडाखमध्ये पंधरा हजार फुटांवर होती. मी लान्स नाईक, गाव मोताळा. माझ्या सेक्शनमधला शिपाई तुळशीराम तायडे वडनेर भोलजीचा.

सैनिकाच्या पाण्याच्या बाटलीवर जाड लोकरी आवरण असतं. राजस्थानात असताना आम्ही ते रोज भिजवत असू. ओल्या कापडातलं पाणी वाऱ्याने उडतं, उडताना आतली उष्णता घेऊन जातं, आणि बाटली गार राहते. बटालियन वर चढली, पण किट तपासणीच्या यादीतली ओळ तशीच राहिली: बाटली भरलेली, आवरण ओलं.

त्या दिवशी आम्ही पाच जण गस्तीला निघणार होतो. सकाळी सव्वापाचला तपासणी. थर्मामीटर उणे बारा. वारा जोराचा.

"इथं काऊन भिजवून राह्यलो बे?" तुळशीराम म्हणाला. "बाटलीले लू लागते का?"

मला कळत होतं. कोरड्या लोकरीत हवा असते, ती थंडी अडवते. लोकर भिजली की ती हवा निघून जाते आणि वारा दुपटीने उष्णता ओढतो. तरी मी म्हणालो, "ऑर्डर हाय. भिजव."

सुभेदारांनी पाचही आवरणं बोटाने दाबून पाहिली. "गीला है. ठीक."

साडेपाचला निघालो. नऊ वाजून दहा मिनिटांनी वरून एक धोंडा सुटला आणि तुळशीरामची उजवी मांडी चिरडली. पट्टी आवळली, रक्त थांबेना. रेडिओवर मी स्ट्रेचर मागितलं.

"दोन तास लागतील. ओव्हर."

तुळशीरामने पाणी मागितलं. पाचही बाटल्यांतल्या पाण्याचा ठोकळा झाला होता. तो डोंगर म्हणजे नुसता खडक. वर हिम नाही, जाळायला काडी नाही. संगिनीच्या टोकाने बाटलीतून थोडा चुरा काढला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. त्याला ठसका लागला. त्याने थुंकून टाकला.

"खडे काय चारून राह्यला नाईक? पाणी दे ना बे."

एक बाटली मी शर्टाच्या आत पोटाशी धरली. नऊ पन्नासला तो गेला. बाटलीतून पहिले थेंब दहा वाजून पाच मिनिटांनी सुटले. पाण्याने तो वाचला असता, असं मी म्हणत नाही.

तळावर आल्यावर दोन बाटल्या वाऱ्यात ठेवून पाहिल्या. ओली साडेतीन तासांत गोठली. कोरडीत तेवढ्या वेळात कडेला पापुद्रा धरला होता, बाकी पाणी वाहतं. आकडे लिहून कॅप्टनसाहेबांना दिले.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

पुढच्या गस्तीला आवरणं ओलीच होती. माझंही. मला अजून किळस येते. सुभेदारांच्या त्या बोटाची, त्या 'इंटरेस्टिंग'ची, आणि सगळ्यात जास्त माझ्या 'ऑर्डर हाय'ची.

रजेवर आलो तेव्हा वडनेरला गेलो. त्याच्या आईने एकच विचारलं, "बापू, जाताना पाणी तं पाजलं ना त्याले?"

"हाव, माय. पाजलं."

ती गेल्या वर्षी वारली, म्हणून आता लिहितो. पाजलं नव्हतं. शिपाई तुळशीराम तायडे, वय तेवीस, तहानलेलाच गेला.