तीन पायांचं मेंढरू

डॉक्टरांनी एक्सरे खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, "टी.बी. स्पाइन."

म्हणजे पाठीच्या मणक्याचा क्षय. क्षय छातीत होतो, खोकल्यातून रक्त पडतं, एवढंच मला ठाऊक होतं. तो हाडालाही लागतो हे भोरच्या दवाखान्यात कळलं. माझ्या बायकोची, सरूची, पाठ वर्षभर दुखत होती. मी म्हणायचो, काम नको म्हणून कण्हतेस. हे मुद्दाम लिहितो, कारण आजही कुणी घरात हेच म्हणत असेल. म्हणू नका. डॉक्टरकडे न्या.

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने हिनं उताणं निजायचं. कुशीवरसुद्धा वळायचं नाही. उठून बसली तर पॅरालिसिस होईल."

पॅरालिसिस म्हणजे पाय लुळे पडणं. एकदा पडले की पडले.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आम्ही दोघंच, पोरबाळ नाही. मेंढरं भावाच्या हवाली केली आणि दवाखान्यातच सरूच्या खाटेशेजारी मी बिऱ्हाड मांडलं.

तिच्या अंगाच्या मापाचा प्लास्टरचा साचा केला. प्लास्टर चुन्यासारखं पांढरं असतं. ओलं असताना कापड, वाळलं की दगड. त्यात तिला निजवली. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्यानं क्षयाचे जंतू मरतात. दिवस काही मरत नाही, तो आपला आढ्याकडे बघतच काढायचा.

दहाव्या दिवशी सरू म्हणाली, "कौलं मोजून झाली. फुटकी सात हैत. आता मला घरी न्या. मेंढ्या व्यायला झाल्यात."

"भाऊ बघतोय की."

"त्याला काय कळतंय? म्या उठते. पाय माझे हैत."

"ऊठ. मग बूड घासत जा वाडीवर."

असं मी बोललो. माझं तोंड असंच.

त्याच आठवड्यात नर्सबाई रद्दीची पाटी घेऊन पाण्याच्या बंबाकडे चालल्या होत्या. वर रंगीत कार्डं दिसली. डॉक्टर विलायतेत शिकलेले. नाताळ सणाला तिकडून त्यांना ही शुभेच्छांची कार्डं यायची. मी मागितली.

"न्या मामा, जळायचीच होती," बाई म्हणाल्या.

बेंदराला बैलांचे गोंडे, माळा मीच करायचो. हाताला सवय होती. कार्डं गोल कापली, दोऱ्यात ओवली आणि खाटेवरच्या वाशाला माळा टांगल्या. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. मला बरं वाटलं.

सरू म्हणाली, "मला निस्त्या कडा दिसत्यात."

मी तिच्या शेजारी जमिनीवर उताणा निजलो तेव्हा खरं कळलं. खालून चित्र दिसतच नाही. मी ते उभ्या माणसासाठी केलं होतं, निजलेल्यासाठी नाही.

सगळं सोडलं. वेळूच्या कांबीचं एक कडं वळवलं. त्याला एकेक कार्ड तीन दोऱ्यांनी आडवं टांगलं, ताटलीसारखं, चित्र खाली करून. वारा आला की कडं सावकाश फिरायचं आणि चित्रं बदलायची. तुमचं माणूस असं पडून असेल तर हे करा. पण आधी त्याच्या जागी निजून बघा.

मग सरूला तोंड फुटलं. "घरावर ह्यो कापूस कसला सांडलाय?"

"बर्फ हाय त्यो."

"आन् ह्यो मेंढका बगा. घोंगडी न्हाई, डोईला मुंडासं न्हाई. लांडगा आला तर काय झगा दावणार?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सरूही हसली, पाठ न हलवता, नुसत्या तोंडानं. लई दिवसांनी.

कडं फिरलं आणि तिचं हसू गेलं. "अवं, मेंढराचे पाय कुठं गेले?"

गोल कापताना गेले होते. मला चीड आली. "कागदाचं मेंढरू ते! त्याला काय रानात चरायला जायचंय?"

तिनं डोळे मिटले. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दूध तेवढं घेतलं. तिसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आलो तर नर्सबाई तिचे खांदे दाबून धरून उभ्या. सरू कोपरावर जोर देऊन उठायला निघाली होती.

"यांनी आधीच माझे पाय तोडलेत, बाई," ती रडत होती. "निजून तरी काय करू?"

मी तांब्या खाली ठेवला आणि दवाखान्यामागच्या कचऱ्यात जाऊन बसलो. दुपारभर कापलेले तुकडे उलटेपालटे केले. तीन पाय सापडले, नखाएवढे. चौथा बंबात गेला असणार. भाताच्या शितांनी तिन्ही चिकटवले आणि चित्र पुन्हा टांगलं.

सरू लई वेळ बघत राहिली. "चौथा?"

"घावला न्हाई."

मला वाटलं, आता पुन्हा रडेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लंगडं मेंढरू बी कळपामागनं येतंय की. जरा उशिरा येतंय, येवढंच."

त्यानंतर तिनं उठायला बघितलं नाही. सहाचे साडेसात महिने झाले, तरी नाही. साचा काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध आमचं, पण निजणं तुमचं." डावा पाय थोडा ओढायचा. बाकी चालली, पार वाडीपर्यंत.

पुढं चार वर्षं ती माझ्यामागं मेंढरांत हिंडली. चढ आला की मागून हाक यायची, "थांबा वं, लंगडं मागं हाय!" मी थांबायचो. ती पोचली की शिवी देऊन पुढं चालायचो.

मग न्युमोनिया झाला. न्युमोनिया म्हणजे फुफ्फुसाला सूज. आठ दिवसांत गेली. तेव्हा काही टांगायला वेळ मिळाला नाही.

दवाखान्यातून घरी आणलेलं ते कडं मी परत भोरला नेऊन दिलं. मेंढरू तेवढं काढून घ्यावं असं वाटलं. नाही काढलं. तिथं कुणी ना कुणी उताणं पडलेलं असणार, त्याला ते लागेल. डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार आहेत. त्यांच्यामुळं चार वर्षं मिळाली.

घरात आता मी एकटा. मेंढरं थोडकीच ठेवलीत. वाडीच्या चढावर अजून पाय आपोआप थांबतात. मागं कुणी नसतं, हे ठाऊक आहे. तरी ती यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबतो. मग चालतो.